पोळ्याच्या दिवशी पूलच्या तळाला सुरकुत्या दिसल्या, लायनर गेला का पाणी बिघडलं?

केळीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या, मोबाईलवर टाईप करतोय आणि लाईट पण गेलेली आहे.

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. दोन वर्षांपूर्वी भावाच्या डोक्यात आलं की मळ्यात दोन खोल्या आणि एक पूल काढू, हिवाळ्यात भरीत पार्टीला जळगाव भुसावळचे लोक येतातच मग उन्हाळ्यात पण येतील. टाइल्सचा पूल खिशाला झेपत नव्हता म्हणून विनाईल लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेला केला. १० मीटर बाय ५ मीटर, खोली सरासरी ४ फूट, म्हणजे साधारण ६० हजार लिटर. आत निळ्या टाइल्सची डिझाईन छापलेला ०.७५ एमएमचा लायनर.

पहिल्या वर्षी काहीच त्रास नाही. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी, त्यांची पोरं, त्यांच्या जावा असा सगळा लवाजमा आला आणि पूल जो सुरू झाला तो श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत बंदच नाही. आणि परवा पोळ्याला बैल धुऊन झाले म्हणून सहज पूलमध्ये डोकावलो तर तळाला उथळ बाजूला बोटाएवढ्या जाड सुरकुत्या, चादर न ताणता अंथरली की दिसते तशा. खोल बाजूला पांढरे गोल डाग, प्रत्येक डाग बशीएवढा, निळा रंगच उडालाय तिथला. पाणी मात्र एकदम काचेसारखं! म्हणून तर कोणी लक्ष दिलं नाही.

ज्याने बसवला त्याला फोटो पाठवले तर म्हणे केमिकलमुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही, पूर्ण लायनर बदला. दुसरंच वर्ष चालू आहे हो. खरंच बदलायला लागेल का? शेततळ्याचा कागद टाकून घेतला तर चालतं का, ते पण सांगा, इथं ते बसवणारे गावोगावी आहेत.

---

नंदुरबारी_जिभाऊ

पैल्ले एक सांग भाऊ, पार्टी कवय शे? सुरकुत्या मंग दखू 😄

---

धुळ्याचा_धोंडू

शेततळ्याचा कागद बिनधास्त टाका. आमचं साक्रीकडचं शेततळं २०१६ च्या स्कीममधलं आहे, ५०० मायक्रॉन, अजून ठणठणीत. त्याला ना पीएच लागतो ना केमिकल. हे विनाईल वगैरे शहरातली नाटकं आहेत.

---

पंपरूम

धोंडूभाऊ, शेततळ्याचा कागद आणि पूलचा लायनर ही दोन वेगळी प्लास्टिकं आहेत. शेततळ्याला एचडीपीई असतं, त्यात काळा कार्बन असतो म्हणून ऊन सोसतं, आणि ते मुळातच कडक. पूलचा लायनर पीव्हीसीचा. पीव्हीसी स्वतः पाइपासारखं कडक असतं, त्याला मऊ करायला प्लास्टिसायझर घालतात तेव्हा कुठं ते कोपऱ्यात नीट बसतं. पाणी बिघडलं की ते प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर निघतं आणि लायनर खाकऱ्यासारखा होतो. शेततळ्यात निघायला काही नाहीच. आणि तुमच्या शेततळ्यात कोणी रोज क्लोरीन टाकत नाही, शेवाळ झालं तरी मोटारीला फरक पडत नाही. इथं लोकांची पोरं पाणी गिळतात.

भुसावळात एका हॉटेलचा पूल मी ९ वर्षं बघितलाय म्हणून बोलतोय. केळीकाठ, मला चार गोष्टी सांगा. क्लोरीन कुठलं, टाकतं कोण, पाणी कुठलं आणि शेवटचं टेस्टिंग कधी केलं?

---

केळीकाठ

क्लोरीनच्या टिकल्या, २०० ग्रॅमच्या, रोज एक. टाकायचं काम गड्याकडे, तो सकाळी पूलमध्ये टाकतो.

पाणी बोअरचं. भयंकर क्षार आहेत, ठिबक दर सिझनला चोक होते.

टेस्टिंग... किट आहे, पिवळ्या आणि लाल नळीचं. फेब्रुवारीत भरला तेव्हा केलं होतं. आता तुम्ही विचारलं म्हणून जाऊन केलं, क्लोरीनची नळी चांगली पिवळी आली आणि पीएचची पण पिवळीच आली, लाल काही होईना. औषध जुनं झालं असेल.

---

पंपरूम

औषध जुनं नाही झालं. पीएचची नळी निव्वळ पिवळी म्हणजे ६.८ किंवा त्याच्याही खाली, त्या किटला त्याच्या खालचं दिसतच नाही. विनाईलला ७.२ ते ७.६ पाहिजे. तुमचं पाणी आंबट झालंय.

आणि "पूलमध्ये टाकतो" म्हणजे काय, नुसती फेकतो? तरंगत्या डब्यात नाही??

---

केळीकाठ

फेकतो. डबा होता, पोरांनी त्याचा बॉल केला आणि गेला.

---

पंपरूम

झालं. बशीएवढे पांढरे डाग म्हणजे टिकल्यांच्या कबरी आहेत त्या. टिकली तळाला बसते, तिच्या आजूबाजूचं पाणी पीएच ३ च्या आसपास आणि क्लोरीन हजारोंच्या हिशोबात, दिवसभर तिथंच विरघळत बसते. छापील रंग गेला की गेला, तो परत येत नाही. पण डागानं पूल गळत नाही, गालिच्यावरचा जळका डाग समजा. काळजी सुरकुत्यांची करा.

---

सावद्याची_लेक

मध्येच बोलते, मी रसायनशास्त्र शिकवते, माहेर सावद्याचं त्यामुळे तिकडच्या बोअरचं पाणी चांगलं ओळखते, चहा फाटायचा आमचा.

पंपरूमदादांचं बरोबर आहे पण मला एक कोडं पडलंय. केळीपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, म्हणजे अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल पचवायची ताकद, भरपूर. असल्या पाण्याचा पीएच उलट वर पळतो. कारण जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, उघड्यावर आलं की तो उडतो आणि पीएच चढतो. ते पाणी आंबट होणं म्हणजे शांत माणूस खून करतो म्हटल्यासारखं आहे. दादा, टिकल्यांशिवाय अजून काय काय पडलंय त्या पूलमध्ये? खरं खरं सांगा, इथं कोणी रागावणार नाही.

---

खोपडीतला_आप्पा

ताई मी रागावणार आहे. यावल-रावेरची भूजल पातळी कुठं गेलीय ते बघा आणि ६० हजार लिटर पोहायला! आमच्याकडे पारोळ्याला उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

---

केळीकाठ

आप्पा, तुमचं बरोबर आहे, नाही म्हणत नाही. म्हणूनच तर सारखं रिकामं करून भरायचं नाहीये.

ताई, खरं सांगतो मग. जुलैत पाणी गढूळ झालं होतं, वावटळीची माती आणि पाऊस, तेव्हा वडील म्हणाले तुरटी टाक. ४ किलो फिल्टरची तुरटी टाकली, एका रात्रीत पाणी स्वच्छ. कानबाईच्या आधी परत ४ किलो. आणि पावसात पूल दोनतीनदा काठावरून वाहिला. मोरचूद टाकायचं चाललं होतं पण टाकलं नाही.

---

सावद्याची_लेक

मोरचूद नाही टाकलं हे फार चांगलं केलं, तांब्याचे डाग लायनरवर पडले की आयुष्यभर निघत नाहीत, आणि पोरींचे केस हिरवे होतात ते वेगळंच.

बाकी कोडं सुटलं. वहीच्या मागच्या पानावर हिशोब केलाय, तसाच उतरवते, कंटाळा आला तर पुढे जा.

तुमच्या टिकलीत असतं ट्रायक्लोर. २०० ग्रॅमची एक टिकली तुमच्या ६० हजार लिटरला ३ पीपीएम (लिटरला ३ मिलिग्रॅम) क्लोरीन देते. पण क्लोरीन वापरून संपलं की मागे आम्ल उरतं, ते दर टिकलीला साधारण २ पीपीएम अल्कलिनिटी खातं. रोज एक, आखाजी ते पोळा चार महिने, म्हणजे २४० पीपीएम. तुरटी स्वतःच्या निम्मी अल्कलिनिटी खाते, ८ किलोनं ४ किलो खाल्ली, तुमच्या पूलमध्ये ६५ च्या वर पीपीएम. आणि वरून पावसाचं पाणी, ज्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसतेच, आत येतंय आणि तुमचं चांगलं जड पाणी काठावरून वाहून जातंय.

म्हणजे मे महिन्यात बोअरचं पाणी टाकत होता तोपर्यंत वरून भर पडत होती, टिकली खात होती, जमून जात होतं. जून लागला, बोअर बंद, पाऊस सुरू, टिकल्या चालूच. ही आम्ल पचवायची ताकद संपेपर्यंत पीएच जागचा हलत नाही, आणि संपली की एकदम कोसळतो. म्हणून कोणाला कळलं नाही.

सुरकुत्या का पडल्या? आंबट पाण्यात विनाईल पाणी पितं, थोडंसं फुगतं, लांबीरुंदीला वाढतं. भिंतीत घट्ट बसवलेलं आहे, वाढलेलं जाणार कुठं, घड्या पडतात.

---

नंदुरबारी_जिभाऊ

ताई तुम्ही मले आठवीमा शिकाडतं तर मी पास व्हयी जातू.

---

अमळनेर_ते_पुणे

+१, वाचनखूण साठवली. एक शंका, सुरकुत्यांचं दुसरं कारण पण असू शकतं ना? लायनरच्या खाली पाणी. काळी माती आहे, यंदा पाऊस झाला, खालून पाणी चढलं की लायनर तरंगतो आणि बसताना वाकडा बसतो. आमच्या ओळखीत एकाने श्रावणात पूल पूर्ण रिकामा केला साफ करायला, रात्रीत लायनर फुग्यासारखा वर आला.

---

पंपरूम

होऊ शकतं, बरोबर बोललात. ओळखायची साधी रीत आहे, पायाने सुरकुतीशेजारी दाबा. खाली पाणी असेल तर गादीसारखं डुगडुगतं. टणक लागलं तर पाणी नाही. केळीकाठ, बघून सांगा. आणि काही झालं तरी पूर्ण रिकामा करू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही. रिकामा लायनर उन्हात दोन दिवस राहिला की आकसतो, परत भरताना कोपऱ्यात फाटतो.

---

ठिबकनाना

खाली पाणी नसेल तर एकदम सोपं आहे, चुन्याची निवळी टाका, आंबटपणा जाईल. आपण जमिनीला टाकतोच की.

---

सावद्याची_लेक

नाना, निवळीने पीएच एकदम उडी मारेल आणि पूलचं ताक होईल, चुना जाऊन लायनरवर बसेल तो वेगळा. अल्कलिनिटी वाढवायला साधा खायचा सोडा. यांच्या पूलला १ किलो सोड्याने १० पीपीएम वाढते, हिशोब इतका सुटसुटीत येतो की गड्याला पण सांगता येईल. पण आत्ता टाकू नका. आधी स्टॅबिलायझर मोजा, सायन्युरिक ॲसिड, लोक सीवायए म्हणतात. मला तिथं काहीतरी भयंकर निघेल असं वाटतंय.

---

केळीकाठ

दाबून बघितलं, टणक आहे सगळीकडे. म्हणजे पाणी नाही खाली, हुश्श. थेंबांचं किट मागवलंय, चार दिवसांनी येईल. तोपर्यंत टिकल्या बंद केल्यात.

---

केळीकाठ

किट आलं. आकडे:

पीएच ६.८ ला पिवळाच. अल्कलिनिटी ५०. हार्डनेस, म्हणजे जडपणा, २००. सीवायएच्या नळीत काळा ठिपका लगेच दिसेनासा झाला, १०० च्या वर म्हणजे मोजपट्टीच संपली. क्लोरीन गुलाबी औषधानं ४.

बोअरचं पण केलं सोबत: अल्कलिनिटी ३५०, हार्डनेस ६००. हे बघून आई म्हणाली हेच पितो आपण? आता घरात आरओची चर्चा चालू झालीय, ते तुमच्यामुळे.

५० अल्कलिनिटी म्हणजे अगदीच शून्य नाही ना ताई? सोडा ५ किलो टाकू का?

---

सावद्याची_लेक

थांबा थांबा. सीवायए परत मोजा, अर्धं पूलचं पाणी अर्धं आरओचं पाणी मिसळून, जो आकडा येईल त्याची दुप्पट.

---

केळीकाठ

७० आला. म्हणजे १४०.

---

सावद्याची_लेक

हेच वाटलं होतं. एक टिकली १.८ पीपीएम सीवायए सोडते तुमच्या पूलमध्ये. क्लोरीन उडून जातं, सीवायए उन्हानं उडत नाही, बाष्पीभवनानं जात नाही, साचतच जातं. ३० ते ५० असावं, कारण तेवढं क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, छत्रीसारखं. १४० म्हणजे छत्रीच इतकी मोठी की क्लोरीन बाहेरच पडत नाही. कागदावर ४ दिसतंय पण काम एकाचंही होत नसेल.

आणि ५० अल्कलिनिटीचं सांगते. किट जी अल्कलिनिटी दाखवतं त्यात सीवायएचा वाटा धरलेला असतो, साधारण त्याच्या एकतृतीयांश. पण तो पीएच ७.५ च्या आसपास, ६.८ ला वाटा जवळजवळ निम्मा होतो, म्हणजे १४० चे ढोबळ २५. ५० वजा २५. उरलं काय? जेमतेम २५. तुमची खरी अल्कलिनिटी संपत आलेली आहे दादा, दिसतंय त्यातलं निम्मं उसनं आहे.

---

धुळ्याचा_धोंडू

च्यामारी. टिकलीच्या डब्यावर असलं काही लिहिलेलं नसतं.

---

पंपरूम

लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, आणि डबा गड्याकडे असतो.

मग आता पाणी बदलण्यावाचून इलाज नाही. सीवायए कमी करायला पाणी काढणं हाच मार्ग. पण एकदम नाही. एकावेळी फूट-सव्वा फूट काढा, लगेच भरा, मग पुढचं. उथळ बाजूला दीड फूट तरी पाणी कायम राहू द्या म्हणजे लायनर जागेवर दाबलेला राहतो. प्रश्न एवढाच की भरायचं कशानं, बोअरचं टाकलं तर हार्डनेस ६०० चा.

---

ठिबकनाना

आता माझं ऐका, चुन्याला हसलात तर हसलात. ३५ वर्षं ठिबक चालवलीय, जड पाण्यात आयुष्य गेलं.

तुमच्या पूलमध्ये अल्कलिनिटी नाही, बोअरमध्ये ती फुकट पडलीय. सोडा कशाला विकत आणता? तिसरा हिस्सा, २० हजार लिटर, काढा आणि बोअरचं भरा. जे तिथं ६० हजारात ५० आहे त्याचा दोनतृतीयांश उरेल ३३, वर बोअरचे ३५० चा तिसरा हिस्सा ११७, झाले १५०. सीवायए १४० चं ९३. हार्डनेस ३३३, तो काही मरणाचा नाही.

मग परत तिसरा हिस्सा काढा आणि या वेळी पत्र्याचं पावसाचं पाणी भरा. केळी पॅकिंगचं शेड असेलच तुमचं? ३००० चौरस फुटाचा पत्रा असला तर ७५ मिलिमीटर पावसात २० हजार लिटर सहज होतं, परतीच्या दोन जोरदार सरी बास. अल्कलिनिटी १००, हार्डनेस २२२, सीवायए ६२. बघा बरं कसं बसतंय.

---

सावद्याची_लेक

नाना!! साष्टांग नमस्कार. मी तीन दिवस सोड्याचे किलो मोजत होते आणि हे सुचलंच नाही. विनाईलला अल्कलिनिटी ८० ते १२० आणि हार्डनेस १५० ते २५० म्हणतात, दोन्ही अलगद बसतात.

एकच जोड देते. बोअरचं पाणी पडल्यावर दोन दिवस पीएच चढेल, घाबरायचं नाही, रोज मोजायचा.

---

खोपडीतला_आप्पा

आणि काढलेलं ४० हजार लिटर नाल्यात?

---

केळीकाठ

नाही आप्पा, उन्हात क्लोरीन उडू देतो आणि बांधावरच्या सागवानाला सोडतो. केळीला नाही देणार, केळी खारं पाणी सोसत नाही, पानाच्या कडा जळतात.

शेड ३२०० फुटाचं आहे नाना. पन्हाळ लावायला माणूस बोलावला. पहिल्या सरीचं पाणी सोडून देणार, पत्र्यावर कबुतरांचा दरबार असतो.

---

अमळनेर_ते_पुणे

नाना, मग उन्हाळ्यात उलटं होणार ना? बाष्पीभवन, आणि भर बोअरची.

---

ठिबकनाना

होणारच. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो, दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. त्यांच्या पूलचं ५०० लिटर रोज, महिन्याला १५ हजार. उडतं नुसतं पाणी, क्षार मागे. तेवढंच ६०० वालं बोअरचं भरलं तर महिन्याला हार्डनेस दीडशेनं वाढतो. ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं कडक जमतं ना, तेच इथं पाण्याच्या रेषेवर जमणार. गरम पाण्यात अजून लवकर.

म्हणजे आपल्या भागात एकाच पूलला दोन दुखणी. आखाजीला पाणी जड आणि पोळ्याला आंबट. लायनरला मारतं ते पोळ्याचं. आखाजीचं दिसतं तरी, पोळ्याचं दिसत नाही.

---

पंपरूम

लाख बोललात. उन्हाळ्यात पीएच ७.८ च्या वर जाऊ द्यायचा नाही, त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड लागेल आणि ते ठिबकवाल्याच्या घरात असतंच. पण हात जोडून सांगतो, ठिबकला सोडता तसं ओतू नका. ॲसिड पाण्यापेक्षा जड, एका जागी ओतलं की सरळ तळाला जाऊन लायनरवर बसतं. पंप चालू ठेवायचा, बादलीत आधी पाणी मग ॲसिड, उलटं कधीच नाही, आणि जिथून पाणी पूलमध्ये जोरात येतं त्या तोंडापुढे बारीक धार. ६० हजार लिटरला सव्वा लिटरभर ॲसिडने अल्कलिनिटी १० ने उतरते, म्हणजे एकावेळी पावशेर-अर्धा लिटरच्या वर नको, मोजा, मग परत.

फवारणीच्या बादल्या वापरू नका. आणि ॲसिडचा कॅन क्लोरीनशेजारी ठेवला तर एक दिवस वास येईल आणि तो वास शेवटचा असेल, खोली वेगळी पाहिजे. तसंच टिकली आणि दाणेदार क्लोरीन एका डब्यात कधीच नाही, पेट घेतं ते.

---

केळीकाठ

टिकली बंद म्हणजे मग टाकू काय? ब्लीचिंग पावडर आहे ग्रामपंचायतीसारखी.

---

पंपरूम

ब्लीचिंग पावडरीत चुना बराच असतो, न विरघळलेला तळाला बसतो आणि रंग उडवतो, विनाईलला नको. पातळ सोडियम हायपो आणा, १० टक्क्यांचं. ६०० मिलीने तुमचं क्लोरीन १ ने वाढतं. संध्याकाळी टाकायचं, ऊन उतरल्यावर. पण आपल्या उन्हात कॅन महिनाभर ठेवला की त्याचा जोर बराच उतरतो, म्हणून लहान कॅन, सावलीत, पंधरा दिवसांपुरतं. सीवायए ६० असताना क्लोरीन ४-५ ठेवा.

आणि कव्हर असेल तर क्लोरीन जास्त टाकलेल्या रात्री घालू नका, खाली वाफ कोंडते आणि रेषेवरचा रंग जातो.

---

सावद्याची_लेक

टिकल्या अगदी फेकून नका देऊ. बाहेरगावी जाणार असाल तेव्हा तरंगत्या डब्यात दोन दिवस चालतात. पोरांपासून डबा लपवा.

---

नंदुरबारी_जिभाऊ

मना बोअरनं पानी दखीसन मी बी शिकी गऊ. पूल नही मनाकडे, हौद शे. म्हशी पवतस.

---

केळीकाठ

तीन आठवड्यांनी परत आलोय, धागा वर काढतो.

पहिला हिस्सा बोअरने भरला. तिसऱ्या दिवशी पीएच ७.७ ला गेला, ताईंनी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. मग परतीचा पाऊस यायला दहा दिवस लागले, पण आला तो असा आला की एका रात्रीत दोन्ही टाक्या भरल्या.

आजचे आकडे: पीएच ७.४, अल्कलिनिटी ११०, हार्डनेस २३०, सीवायए ६५, क्लोरीन ४. नाना, तुमच्या आकड्यांपासून दहाच्या वर कुठंच फरक नाही, वडिलांनी तुमचा नंबर मागितलाय, ठिबकबद्दल बोलायचंय.

सुरकुत्या: लहान होत्या त्या पाच-सहा बसल्या. दुपारी पाणी कोमट असताना भावाने अनवाणी पायाने हळूहळू सरकवल्या. उथळ बाजूच्या दोन मोठ्या तशाच आहेत. बोटाला जाड लागतात. डाग पण आहेत तसेच.

---

पंपरूम

त्या दोन राहणार. विनाईल वाढलेलं परत लहान होत नाही. त्यावर ब्रश जोरात मारू नका, घडीच्या टोकाला लायनर पातळ होतो, तिथूनच पुढे कधीतरी गळेल. पाण्याच्या रेषेवर पिवळट जमेल, तेल लावून उतरतात ना लोक, ते मऊ स्पंजाला खायचा सोडा लावून पुसा. तारेची घासणी दिसली पूलजवळ तर विहिरीत टाका. लायनर आत्ता बदलायची गरज नाही, असाच सांभाळला तर बरीच वर्षं निघतील.

---

केळीकाठ

नाही बदलत. बसवणाऱ्याला आकडे पाठवले, त्याने फक्त अंगठा पाठवला.

गड्याला वही दिलीय, दर सोमवारी आणि गुरुवारी पीएच आणि क्लोरीन, महिन्यातून एकदा अल्कलिनिटी, आणि जून ते सप्टेंबर अल्कलिनिटी दर आठवड्याला. तो म्हणतो शेठ पाणी तर स्वच्छ दिसतंय, मग कशाला मोजू. मी म्हटलं पोळ्याला पण स्वच्छच होतं.

---

नंदुरबारी_जिभाऊ

मंग आते तरी सांग. भरीत कवय?

---

केळीकाठ

डिसेंबरात या जिभाऊ, कळण्याची भाकरी पण करू. पण डोक्याला तेल लावून पूलमध्ये उतरायचं नाही.